टस्कलूसाला येण्याआधी

तू विचारलंस, "ताई, टस्कलूसाच्या अलाबामा विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळालाय, पण सगळे म्हणतात ते फुटबॉलचं गाव आहे. अभ्यास होईल का? आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तिथे कसं वागवतात?" मला इथे अकरा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अभ्यास होतो. घरच्या मैदानावरचे सामने वर्षाला सातेक, तेही बहुतेक शनिवारी. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कॅम्पसवरच्या बऱ्याच पार्किंगमधून गाडी हलवावी लागते, एवढंच लक्षात ठेव. मग शनिवारी क्वाडवर, म्हणजे कॅम्पसच्या मधल्या मोठ्या हिरवळीवर, अक्षरशः जत्रा भरते. तंबू, शेगड्या, खुर्च्या, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे लाल कपड्यांत. कित्येक कुटुंबं वर्षानुवर्षं ठरलेल्याच जागी बसतात. गावाची वस्ती लाखभर आणि ब्रायंट-डेनी स्टेडियमही लाखाचं! हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी, एवढं समजलं की पहिला सामना निभावतो. "रोल टाइड" ही इथल्या संघाची घोषणा नमस्कार, निरोप, आभार सगळ्याला चालतं. ऑबर्न हे याच राज्यातलं प्रतिस्पर्धी विद्यापीठ, तेव्हा कुणी "अलाबामा की ऑबर्न?" विचारलं तर उत्तर तयार ठेव.

हे वेड कुठून आलं ते कळलं की माणसं कळतात. विद्यापीठ 1831 साली सुरू झालं, गुलामांच्या श्रमावर. त्याबद्दल प्राध्यापकांच्या सिनेटने 2004 साली माफी मागितली. अमेरिकेच्या यादवी युद्धात 4 एप्रिल 1865 ला, दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण येण्याच्या पाच दिवस आधी, उत्तरेच्या सैन्याने ते जाळलं. मोजक्याच इमारती वाचल्या. त्यातलं गॉर्गस हाउस आजही उभं आहे. हरलेल्या, गरीब दक्षिणेला 1926 च्या रोझ बोल या मानाच्या सामन्यात इथल्या संघाने वॉशिंग्टन विद्यापीठाला 20-19 असं हरवून पहिल्यांदा देशासमोर ताठ मानेने उभं केलं. पुढे बेअर ब्रायंट (1958 ते 1982) आणि निक सेबन (2007 ते 2023) या दोन प्रशिक्षकांनी प्रत्येकी सहा राष्ट्रीय विजेतेपदं आणली.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. इथे आलीस की स्टेडियमच्या आधी फॉस्टर ऑडिटोरियमला जा. 1956 मध्ये ऑथरिन लुसी ही पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी वर्गात बसली. जमावाने तिला घेरलं, आणि विद्यापीठाने जमावाला आवरायचं सोडून तिलाच काढलं. 11 जून 1963 ला व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड प्रवेश घ्यायला आले, तेव्हा गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच ऑडिटोरियमच्या दारात आडवे उभे राहिले. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याची राखीव सेना, आपल्या हाताखाली घेतल्यावरच ते बाजूला झाले. मलोन 1965 मध्ये पदवी घेऊन बाहेर पडल्या. लुसींची हकालपट्टी 1988 मध्ये रद्द झाली, आणि 1992 मध्ये त्यांनी इथूनच एम.ए. केलं. त्याच दिवशी त्यांच्या मुलीलाही इथलीच पदवी मिळाली.

इथे तुला एक गोष्ट हमखास ऐकायला मिळेल: 1970 मध्ये इथल्याच राज्यातल्या बर्मिंगहॅमला सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाच्या गोऱ्या संघाला 42-21 असं लोळवलं, आणि त्या एका सामन्याने सगळं बदललं. मला ही गोष्ट फार सोपी वाटते. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला त्याआधीच शिष्यवृत्तीवर संघात घेतलं होतं. दार उघडलं ते लुसी आणि मलोन यांनी, तेही टाळ्या वाजवणारं कुणी नसताना. मैदानावरची माणसं त्याच दारातून नंतर आली. फुटबॉलवर माझं खरंच प्रेम आहे, म्हणूनच हे श्रेय त्याला देववत नाही.

आज मला वर्गात, शेजारात प्रेमाने वागवतात. गावात जुन्या वस्त्यांमधली रंगाची रेषा मात्र अजून दिसते, तीही उघड्या डोळ्यांनी बघ.

बाकी किरकोळ. कॅम्पसवर बस आहे, पण बाहेर गाडीवाचून अडतं. मंदिर बर्मिंगहॅमजवळ पेल्हॅमला. ऑगस्टचा दमटपणा कोकणाची आठवण करून देतो, सुती कपडे आण. एप्रिलमध्ये टोर्नेडोचा, म्हणजे प्रचंड वावटळीचा, भोंगा वाजला तर खिडकीशी उभी राहू नकोस; 27 एप्रिल 2011 ला गावाचा मोठा पट्टा उद्ध्वस्त झाला होता. आणि पहिल्या घरच्या सामन्याला सकाळी नऊला डेनी चाइम्सच्या घंटामनोऱ्याखाली थांब. आमचा तंबू तिथून जवळच असतो. मी थालीपीठं आणते.