अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह, मग त्वचेला काहीच कसं होत नाही?

प्रश्न: डॉक्टर, मला गेल्या वर्षी आरए म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालं, अँटी-सीसीपी नावाची रक्तातली अँटीबॉडी खूप जास्त आली होती. नंतर वाचनात आलं की ही अँटीबॉडी मुळात त्वचेतल्या फिलाग्रिन नावाच्या प्रोटीनविरुद्ध असते. मग माझे सांधे का सुजतात, त्वचा का नाही? आणि माझ्या हातांची त्वचा फार कोरडी असते, तो याचाच परिणाम का?

उत्तर: ताई, तुम्ही वाचलंत ते अर्धं बरोबर आहे, पण राहिलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. 1964 मध्ये नेदरलँड्समधल्या नीनहाउस आणि मँडेमा या दोघांनी गालाच्या आतल्या बाजूच्या पेशी खरवडून काचपट्टीवर घेतल्या, त्यावर आरएच्या पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातला पेशी काढून उरलेला पातळ भाग, टाकलं, तर पेशीच्या केंद्रकाभोवतीचे बारीक बारीक कण चमकले. निरोगी माणसांच्या सीरमने असं क्वचितच व्हायचं. पुढे 1979 मध्ये उंदराच्या अन्ननलिकेच्या अस्तरावर तसंच काहीतरी दिसलं आणि त्याला अँटी-केरॅटिन अँटीबॉडी म्हणायला लागले. दोन्ही टेस्ट आरएसाठी चांगल्या होत्या, पण करायला किचकट, गालाच्या पेशी तर प्रत्येक माणसाच्या चालायच्याही नाहीत, त्यामुळे रोजच्या लॅबमध्ये त्या कधी रुळल्या नाहीत. मग 1990 च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझच्या गटाने दाखवून दिलं की या दोन वेगळ्या अँटीबॉडी नाहीतच, दोन्हींचा निशाणा एकच, तो म्हणजे फिलाग्रिन आणि त्याचं आधीचं रूप प्रोफिलाग्रिन.

आता खरी गंमत इथे आहे. फिलाग्रिन सांध्यात बनतच नाही! ते बनतं त्वचेच्या वरच्या थरांत. मग सांध्याचा आजार असलेल्या माणसाच्या रक्तात त्याच्याविरुद्धची अँटीबॉडी आली कुठून? उत्तर मिळालं 1998 मध्ये, नेदरलँड्समधल्याच नायमेगेनच्या शेलेकेन्स आणि व्हान व्हेनरॉय यांच्या कामातून. अँटीबॉडी अख्ख्या फिलाग्रिनला ओळखत नाही, ती ओळखते त्यातल्या सिट्रुलिन नावाच्या अमिनो आम्लाला. प्रोटीन बनतं तेव्हा त्यात सिट्रुलिन नसतंच, असतं आर्जिनिन, नंतर पॅड नावाची एन्झाइम्स त्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात, त्यात आर्जिनिनवरचा पॉझिटिव्ह चार्ज जातो आणि प्रोटीनचा आकार, वागणूक बदलते. त्वचेत हे रोज होतं आणि व्हायलाच पाहिजे, कारण त्यामुळे फिलाग्रिन केरॅटिनपासून सुटं होतं, पुढे त्याचे तुकडे होतात आणि त्यातून निघालेले घटक त्वचेत ओलावा धरून ठेवतात. म्हणजे तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच त्वचेत सिट्रुलिनवालं फिलाग्रिन असतं, त्यात आजार काहीच नाही.

सुजलेल्या सांध्यात मात्र हाच बदल दुसऱ्या प्रोटीन्सवर होतो. फायब्रिन, व्हिमेंटिन, अल्फा-इनोलेज, कोलॅजेन टाइप टू, ही त्यातली नावाजलेली मंडळी. अँटीबॉडीला सिट्रुलिन आणि त्याच्या आजूबाजूची थोडी रचना दिसली की पुरे, प्रोटीन कुठलं याची तिला फारशी पर्वा नसते. त्वचेतलं फिलाग्रिन हे फक्त आधी सापडलेलं लक्ष्य होतं, सांध्यातल्या लढाईत त्याचा भाग नाही. आणि त्वचा का वाचते? तर फिलाग्रिन पेशींच्या आत असतं, तेही वरच्या, मरणाला टेकलेल्या किंवा मेलेल्या थरांत, तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणून अँटीबॉडी तिथवर पोचणं अवघड. सांध्याच्या अस्तरात रक्तवाहिन्या भरपूर असतात, सूज आली की पेशी फुटतात, पॅड एन्झाइम्स बाहेर पडतात आणि नवीन सिट्रुलिनवाली प्रोटीन्स उघड्यावर येतात, म्हणजे तिथे निशाणा आणि अँटीबॉडी दोघं समोरासमोर.

अँटी-सीसीपीतलं सीसीपी म्हणजे सिट्रुलिन घातलेला गोल वळवलेला पेप्टाइड. पहिल्या टेस्टमधला पेप्टाइड फिलाग्रिनवरूनच घेतलेला होता, पण आता सर्रास वापरतात त्या दुसऱ्या पिढीच्या टेस्टमधले पेप्टाइड लॅबमध्ये बनवलेल्या ढीगभर पेप्टाइडमधून निवडलेले आहेत. त्यामुळे तुमच्या रिपोर्टवर त्वचेचं काहीच मोजलेलं नाही.

कोरड्या हातांचं म्हणाल तर या अँटीबॉडीमुळे ते होत नाही. फिलाग्रिनच्या जीनमध्येच बदल असला की त्वचा कोरडी पडते, एक्झिमा होतो, पण ती सर्वस्वी वेगळी गोष्ट. डोळे आणि तोंडही कोरडं पडत असेल तर मात्र सांगा, कारण आरएबरोबर शोग्रेन सिंड्रोम असू शकतो आणि तो तपासून घ्यायला हवा. कोपराजवळ कडक गाठी आल्या किंवा नखाच्या कडेला काळे ठिपके, पायावर जखमा दिसल्या तर तेही दाखवा, आरए त्वचेवर दिसतो तो बहुतेक असा.

प्रश्न: माझ्या आईला आरए आहे. मी हौसेने पॅकेजमध्ये टेस्ट केली, आरएफ (रुमेटॉइड फॅक्टर, आरएसाठी बघतात ती दुसरी अँटीबॉडी) निगेटिव्ह आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आली. मला काहीच दुखत नाही. औषध सुरू करू का?

उत्तर: स्वतःहून तर अजिबात करू नका, पण रिपोर्ट कपाटात ठेवून विसरूही नका. डच रक्तदात्यांचं साठवलेलं रक्त तपासलं होतं, ज्यांना पुढे आरए झाला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांत आरएफ किंवा अँटी-सीसीपी लक्षणं यायच्या आधीच होती, साधारण साडेचार वर्षं आधी. म्हणजे आजार रक्तात आधी जमतो, सांध्यात नंतर उतरतो. पण अँटीबॉडी असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही हेही तितकंच खरं. सिगारेट ओढत असाल तर आजच सोडा, यात मी अजिबात सौम्य बोलणार नाही, एचएलए-डीआरबी१ या प्रतिकारशक्तीशी संबंधित जीनचे काही प्रकार असलेल्यांत सिगारेट आणि अँटी-सीसीपीचं नातं फार घट्ट आहे. हिरड्यांचीही काळजी घ्या, कारण हिरड्यांच्या आजारातल्या एका जंतूकडे स्वतःचं पॅडसारखं एन्झाइम असतं, त्याचा वाटा किती यावर अजून वाद आहे पण हिरड्या नीट ठेवून तोटा काहीच नाही. 2024 मध्ये अबाटासेप्ट नावाच्या औषधाच्या दोन ट्रायल आल्या, सांधेदुखी असलेल्या अँटीबॉडी-पॉझिटिव्ह लोकांत आरए लांबला, पण औषध थांबवल्यावर फायदा हळूहळू ओसरत गेला, शिवाय तुम्हाला तर दुखतही नाही. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेली बोटं, हात मिळवताना मुठीच्या सांध्यात कळ, अंगठी अचानक घट्ट होणं, यातलं काही झालं तर वाट न बघता रुमॅटॉलॉजिस्टकडे जा.

प्रश्न: औषधानंतर माझी अँटी-सीसीपी फारशी कमी झालेली नाही, तर औषध लागू पडत नाही का?

उत्तर: तसा अर्थ लावू नका. हा आकडा निदानाला आणि पुढचा अंदाज बांधायला कामाचा, आजार आज किती जोरात आहे ते तो सांगत नाही. त्यासाठी सुजलेले-दुखणारे सांधे मोजणं, आणि ईएसआर, सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट. दर काही महिन्यांनी अँटी-सीसीपी करायला लावत असतील तर कशासाठी ते विचारा, बहुतेक वेळा त्याची गरज नसते.