तळटीप कशासाठी?

प्रश्न : तळटीप म्हणजे नेमके काय, ती आली कुठून आणि केव्हा द्यावी?

उत्तर : मजकुरातील शब्दावर किंवा विधानावर बारीक अंक अथवा तारा टाकून त्याचा आधार वा खुलासा त्याच पानाच्या तळाशी लहान टायपात दिला जातो, ती तळटीप. हस्तलिखितांत असा खुलासा बहुधा समासात लिहीत. छपाई रुळल्यावर तो हळूहळू पायथ्याशी उतरला. एडवर्ड गिबन यांच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड 1776 साली निघाला, तेव्हा टिपा शेवटी एकत्र दिल्या होत्या. त्या पाहण्याचा जाच होतो, अशी तक्रार तत्त्वज्ञ व इतिहासकार डेव्हिड ह्यूम यांनी प्रकाशकाकडे केली आणि पुढे त्या पानाखाली आल्या. वाचक म्हणून माझी सहानुभूती ह्यूम यांनाच.

पेशवेकालीन पत्रात ‘छ १५ रजब’ असे येते. यातला ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्यातील तारीख, हे तळटिपेवाचून आजच्या वाचकाला सहसा उमगत नाही. अशा जागी ती अवश्य द्यावी. मात्र टीपच अर्धे पान व्यापू लागली, तर तो मजकूर सरळ मुख्य परिच्छेदात घ्यावा.