मुलांसोबत घरी जाड रंगीत खडू कसे बनवायचे? माझे साच्यातून काढतानाच तुटतात

तुम्ही प्रश्नात शेवटी लिहिलं ना, की पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) मुलांसाठी विषारी असतं असं ऐकलं म्हणून कॉर्नफ्लोअरचे केले तर चालतील का, ते वाचूनच लिहायला बसलो. नाहीतर ओलिताचे दिवस आहेत, खडूवर उत्तर लिहायला वेळ कोणाले आहे.

कॉर्नफ्लोअर सूपमध्ये टाका. पाण्यात कालवलं की रस्त्यावर फासायचा पातळ रंग होते, खडू नाही होत, अन् आमच्याकडे केला तर पोरांच्या आधी मुंग्या येतील. खडू पीओपीचाच.

मागच्या उन्हाळ्यात बहीण पोरं घेऊन पुण्याहून आली होती. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी दहानंतर बाहेर निघायची सोय नाही, पारा 45 च्या आसपास, लाइट येऊन-जाऊन, अन् मोबाईलसाठी पोट्टे जीव खाऊन राहिले होते. नवीन खोलीच्या सिलिंगमधून अर्धं पोतं पीओपी उरलं होतं. म्हटलं चला बे, खडू करू. व्हिडिओत साचा म्हणून दाखवतात त्या टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या गावात कुठून आणता? संत्र्याच्या बागेत ठिबकची जुनी 16 एमएमची नळी पडून होती, तिचे वीतभर तुकडे केले, कटरनं उभी चीर मारली, वरून रबर चढवले, खाली कणकेचं बूच, आतून तेलाचा हात. ती उभी चीरच कामाची आहे. खडू ओढून काढावाच लागत नाही, रबर काढायचे अन् नळी फाकवायची. तुमचे बहुतेक इथंच तुटत असतील, पुठ्ठा ओला होऊन चिकटते अन् तुम्ही ओढता.

रंगाला नीळ, गेरू, अन् भाचीच्या हट्टापायी हळद. हळदीत चुना पडला तर लाल होते, कुंकू तसंच करतात, पण आमची पिवळीच राहिली. उन्हात मात्र हळद टिकत नाही, पोस्टर कलर असला तर तोच टाका.

छपरीत बसून सगळं चाललं होतं मस्त. थोड्या वेळानं नळ्या कोमट व्हायला लागल्या अन् भाचा ओरडला, "मामा, हे तापून राहिलं!" (पुण्याचा पोट्टा, पण तोवर आमच्यासारखं बोलायला लागला होता.) नेमके तेव्हाच जवाईबापू आत आले. काही विचारलं नाही, दोघांचे हात धरले, नळावर नेऊन हँडवॉशनं धुतले, अन् मला म्हणतात, "दादा, पीओपीवर बंदी आहे, केमिकल आहे ते, मुलांच्या हातात काय देता तुम्ही?" वरून फोनवर बातमी दाखवली. आता जवाई म्हटल्यावर तोंड उघडता येत नाही. आईनं डोळे वटारले, मी गप. रात्री त्यांना आमरस पण मीच वाढला.

तर जे तेव्हा बोलता आलं नाही ते इथं बोलतो. तो वाद मूर्तीचा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सूचना मूर्ती विसर्जनाबद्दल आहेत. पीओपीची मूर्ती पाण्यात लवकर विरघळत नाही, तशीच पडून राहते, रंगातलं काहीबाही पाण्यात उतरते. खडू कोण तलावात बुडवून राहिलं? पीओपी म्हणजे जिप्समचा दगड, आपल्याकडे बहुतेक राजस्थानातून येते. दीडशे अंशाच्या आसपास भाजला की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जाते, उरते ती पावडर म्हणजे पीओपी. पाणी टाकलं की परत जिप्सम, अन् तसं होताना गरम होणारच, त्यात विष कुठून आलं? हाड मोडलं की डॉक्टर हेच पायाला लावतात. शाळेतले खडू पण जास्तकरून जिप्समचेच, तेच हातात धरून जवाईबापू इंजिनिअर झाले.

प्रमाण राहिलंच. दोन वाट्या पीओपीला एक वाटी पाणी, वर उलसंसं. पावडर पाण्यात भुरभुरायची, पावडरीत पाणी ओतायचं नाही. 100 ग्रॅम पीओपीला जमायला खरं तर 18-19 ग्रॅमच पाणी लागते, बाकीचं फक्त ओतता यावं म्हणून, अन् ते उडालं की आत बारीक भोकं राहतात. पाणी लय झालं की खडू ठिसूळ, कमी झालं की दगड, रस्ता ओरखडते पण उमटत नाही. घट्ट व्हायला लागलं की ढवळू नका, तिथंच खडूचा जीव जाते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पोतं घेऊ नका, ते जमतच नाही नीट. वाळायला आमच्या उन्हात दुसऱ्या दिवशी तयार, तुमच्याकडे जास्त धरा.

ऊन उतरल्यावर पोट्ट्यांनी घरासमोरचा सिमेंट रोड पार भरून टाकला, बिल्लसची घरं, ट्रॅक्टर, जेसीबी, शेजारचे पोट्टे पण आले. जवाईबापू खुर्ची टाकून पाहत होते. त्यांनी ऑनलाइन मागवलेला खडूचा डबा तालुक्याला कुरिअरवाल्याकडेच पडून राहिला, पोरं पुण्याला गेल्यावर हातात आला. त्यावर बारीक अक्षरात जिप्समच लिहून होतं. फोटो काढून ठेवला आहे, फॅमिली ग्रुपवर टाकला नाही, आई अजून नाही म्हणते.

हो, अन् कोरडी पावडर मोठ्यांनीच मोजायची, तोंडाला दुपट्टा बांधून, ती छातीत जायला नको. जमत असलेल्या गोळ्यात पोरांना हात रोवून ठेवू देऊ नका, बारीक नळी कोमट होते पण मोठा गोळा चांगलाच चटका देते, त्यानं हात भाजतात. सगळं तोंडात घालणाऱ्या लहान लेकराले खडू देऊच नका. हे सगळं मी त्या दिवशी पाळलं होतं, पण विचारते कोण. उरलेलं नालीत धुवायचं नाही, डब्यात जमू द्या अन् ढेकूळ काढून कचऱ्यात टाका. नाली चोक झाली तर पीओपीलाच शिव्या बसतील.