मदत म्हणून आलेलं कर्ज: शाश्वत विकासावर वाचकांचे प्रश्न

प्रश्न: हवामान बदलासाठी श्रीमंत देश गरीब देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर देणार होते, ते मिळाले का?

मिळाले, पण उशिरा. २००९ला कोपनहेगनच्या जागतिक हवामान परिषदेत शब्द दिला, मुदत होती २०२०ची, आणि श्रीमंत देशांच्याच ओईसीडी या संघटनेच्या हिशोबानं तो आकडा गाठला २०२२मध्ये. उशीर एकवेळ समजून घेऊ, मला जास्त खटकतं ते हे की त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा आहे. पुरात घर वाहून गेलेल्याला तुम्ही व्याजानं पैसे दिले आणि वर वहीत मदत म्हणून लिहिलं, तर त्याला काय वाटेल?

प्रश्न: मग कर्ज घेऊच नये का? आपली मेट्रोपण परदेशी कर्जावरच झालीय.

तसं अजिबात नाही. मुंबईच्या मेट्रो ३ला जपानच्या जायका या सरकारी संस्थेचं कर्ज आहे, धुळे जिल्ह्यात साक्रीच्या सोलर प्रकल्पाला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं. तिकीट विकून, वीज विकून पैसा परत येतो तिथे स्वस्त कर्ज चालतं. पण वादळाची आगाऊ सूचना देणारी यंत्रणा, किनाऱ्यावरचा बंधारा, यातून जीव वाचतात, कमाई होत नाही, मग हप्ता भरायचा कुठून? पाकिस्तानचं २०२२च्या पुरात जवळपास ३० अब्ज डॉलरचं नुकसान झालं, आणि अशाच देशांसाठी काढलेल्या नुकसानभरपाई निधीला २०२३ला दुबईच्या हवामान परिषदेत सगळ्या देशांनी मिळून एक अब्ज डॉलरचीही आश्वासनं दिली नाहीत!

प्रश्न: सगळ्या देशांनी मिळून कधी काही धड केलंय का?

हो, ओझोनचं. ओझोनचा थर विरळ करणारे गॅस बंद करायचा १९८७चा माँट्रियल करार. विकसनशील देशांना १० वर्षं जास्त दिली, १९९०ला वेगळा निधी ठरला आणि कारखाने बदलायचा जादा खर्च त्यातून मुख्यतः अनुदान म्हणून मिळाला, शिवाय करारात नसलेल्या देशाशी त्या गॅसचा व्यापार बंद. फ्रीजमधला सीएफसी, त्यातलाच एक गॅस, गेला तो असा. कोळसा आणि तेल सोडणं त्याच्या कितीतरी पट अवघड आहे हे मान्य, पण पैसा आणि बंधन दोन्ही एकत्र आले की देश हलतात हे तिथे दिसलं.

प्रश्न: २०२४च्या बाकू हवामान परिषदेत पैशांचं काय ठरलं?

२०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर. मागणी होती १.३ लाख कोटी डॉलरची. भारतानं सभागृहातच हरकत घेतली, पण तोवर ठराव मंजूर झालेला होता, आणि त्या ३०० अब्जांत अनुदान किती, कर्ज किती हे कुठेच ठरवलेलं नाही.