तोरणमाळची ठरलेली सहल पावसामुळे अर्ध्या वाटेवरून परत आणावी का?

तुम्ही विचारलंय की सहा महिन्यांपासून ठरलेली कॉलेजची सहल, त्यात अवकाळीचा इशारा, मग निघावं का आणि वाटेत पाऊस लागला तर परत फिरावं का. फिरावं. मी फिरवलेली आहे, आणि त्याबद्दल आजही ऐकून घेते.

2023 चा नोव्हेंबर, शेवटचा आठवडा. मी नंदुरबार तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. दहावीची बेचाळीस पोरं. सातवीत कोरोना, आठवीत एसटीचा संप, नववीत परवानगीचा कागद वेळेत आला नाही. सातपुडा रोज शाळेतून दिसतो, पण त्यातलं थंड हवेचं ठिकाण तोरणमाळ बघितलेली पोरं तीनच. पहाटे पाचला मुली नवी ओढणी घेऊन उभ्या होत्या.

नंदुरबार सोडतानाच थेंब सुरू झाले. रस्त्याकडेच्या पथारींवर लाल मिरची वाळत पडलेली आणि बाया ताडपत्री ओढत पळत होत्या. खिडकीजवळची एक मुलगी एकदम उठून उभी राहिली. तिची आई पथारीवरच कामाला. ती काही बोलली नाही, फक्त काच वर करून बघत राहिली, पाऊस आत येऊन बाही भिजली तरी. मिरची भिजली की काळी पडते, आणि चार दिवस मजुरी नाही, हे तिला मला सांगायची गरज नव्हती.

शहादा, म्हसावद करत राणीपूरला पोचलो तेव्हा समोर डोंगरच नव्हता, नुसतं धुकं. वरून आलेला जीपवाला म्हणाला, घाटात दगड आलेत. ड्रायव्हरदादा माझ्याकडे बघत थांबले. बरोबरचे सर म्हणाले, "मॅडम, तीन वर्षं वाट पाहिली पोरांनी. हळूहळू जाऊ." मी म्हटलं, गाडी वळवा. मागून एकाने विचारलं, "मॅडम, आते घर जासूत का?" तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

त्या सरांशी माझा वाद तिथेच सुरू झाला आणि स्टाफरूममध्ये अजून चालू आहे. "दुपारनंतर ऊन पडलं होतं," हे ते दर सहलीच्या वेळी काढतात. पडलं होतं. पण सकाळी नऊला सातपायरी घाटाच्या वळणांवर बेचाळीस पोरं बसवून दुपारच्या उन्हाचा हिशेब करायचा नसतो. पोरांचं मन मोडतं म्हणून पुढे जाणारा माणूस स्वतःचंच मन सांभाळत असतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आणि निर्णय ड्रायव्हरवर ढकलू नका. गाडीत उभं राहून पोरांना शिक्षकाने स्वतः सांगायचं.

तुमच्या पैशांबद्दल: गाडी ठरवतानाच अर्ध्यातून परतलो तर भाडं किती, हे लिहून घ्या. आम्ही घेतलं नव्हतं, पालकांनी मला धारेवर धरलं ते त्यावरून, आणि ते चुकीचे नव्हते. हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी किंवा लाल असेल तर निघूच नका. हो, हे सगळं अवकाळीचं. जून-जुलैच्या भुरभुरीला घाबरून घरी बसू नका, तोरणमाळ तेव्हाच देखणं असतं. फक्त घाट उघडा आहे का, हे निघण्याआधी वर राहणाऱ्या कुणाला तरी फोन करून विचारा.

आणि सरळ घरी परतू नका. आम्ही वाटेतल्या प्रकाशा गावी थांबलो. देवळाच्या आडोशाला बसून दशम्या आणि ठेचा खाल्ला, समोर तापी गढूळ वाहत होती. वरचं जेवण सांगून ठेवलेलं म्हणून डबे कमी होते, तर पोरांनी अर्धी-अर्धी दशमी वाटून घेतली. बाही भिजलेल्या त्या मुलीने माझ्या फोनवरून आईला फोन लावला आणि पहिलं विचारलं, "मिरची झाकाई गई का?"