चारपैकी शून्य मिळालेले उत्तर मी दोनदा वाचले

सप्रेम नमस्कार.

आपले अडीच पानांचे पत्र आणि त्याला जोडलेली उत्तरपत्रिकेच्या एका पानाची प्रत मिळाली. आपली कन्या रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. पाचव्या सत्रात तिला 58 टक्के गुण पडले, आणि ते पाहून तिचा एम.एस्सी.चा विचार बंद करून तिला बँक परीक्षांच्या क्लासला घालायचे आपण ठरवले आहे. “वलयाकार रेणूंत धातू कसे अडकतात याच गोष्टी ती दिवसभर करते, त्यावर पोट कसे भरणार?” असे विचारून आपण माझ्याकडे चांगल्या क्लासचे नाव मागितले आहे. ते नाव मी आज देत नाही, त्याचे कारण सांगतो.

आपल्या पत्रात “आम्ही ठरवले आहे” हे शब्द चार वेळा आले आहेत; तिला काय हवे आहे, यावर मात्र अर्धे वाक्य आहे. बारावीनंतर तिला दोनदा नीटला बसवले, तेही आपणच ठरवले होते. शेवटी आपण सहज लिहून गेला आहात की, गेला महिनाभर ती जेवताना कोणाशी बोलत नाही आणि ताट उचलून खोलीत जाते. मला तिच्या 58 टक्क्यांपेक्षा या ओळीची काळजी जास्त वाटते. एकवीस वर्षांची मुलगी घरात गप्प होते, तेव्हा तिचे म्हणणे संपलेले नसते. आपले कोणी ऐकणार नाही, एवढेच तिला कळून चुकलेले असते. हे कठोर वाटेल, पण आपण स्पष्ट मत मागितले आहे.

आता त्या पानाकडे वळतो. प्रश्न असा होता की, 15-क्राउन-5 हा ईथर (15 अणूंचे वलय, त्यांतले 5 ऑक्सिजन) कोणत्या आयनाला, म्हणजे विद्युतभारित अणूला, सर्वांत घट्ट धरतो आणि का. “वलयाची पोकळी सोडियमच्या मापाची आहे, म्हणून सोडियम” असे उत्तर अपेक्षित होते. तिने लिहिले आहे की, मिथेनॉलमध्ये मोजलेल्या आकड्यांनुसार हे वलय सोडियम आणि पोटॅशियम या दोघांना जवळजवळ सारखेच धरते, त्यामुळे केवळ पोकळीच्या मापाने उत्तर पूर्ण होत नाही. तिला चारपैकी शून्य मिळाले. तिचे म्हणणे बरोबर आहे.

पोकळीच्या मापाचा हा समज इतका पसरलेला आहे की त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या मुलीला नेमके काय दिसले हे आपल्यालाही कळायला हवे. क्राउन ईथर म्हणजे बांगडी आणि आयन म्हणजे त्यात बसणारा मणी, असे चित्र बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. प्रत्यक्षात 18-क्राउन-6 रिकामा असताना त्याच्या स्फटिकात मधोमध भोक नसतेच. वलयातलेच दोन कार्बनगट आत वळून ती जागा भरून टाकतात. पोटॅशियम जवळ आला की वलय स्वतःला फिरवून घेते, सहाही ऑक्सिजन आतल्या बाजूला वळतात आणि त्यांच्यावरच्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या त्या धनभारित आयनाला चहूबाजूंनी ओढून धरतात. पण आत शिरण्यापूर्वी आयनाला आपल्याभोवती जमलेले द्रावकाचे रेणू सोडावे लागतात. सोडियम लहान असल्यामुळे ते जास्त घट्ट धरून ठेवतो आणि पोटॅशियम तुलनेने सहज सोडतो. म्हणूनच मिथेनॉलमध्ये 18-क्राउन-6 पोटॅशियमला सोडियमपेक्षा सुमारे पन्नासपट घट्ट धरतो. आणि तोच ईथर, तोच पोटॅशियम पाण्यात घेतला तर पकड सुमारे दहा हजार पटींनी ढिली पडते. वलयाचे माप कुठेही बदललेले नाही, बदलले आहे ते आयनाला सोडावे लागणारे बिऱ्हाड. मापाचा नियम पहिल्या अंदाजाला उपयोगी आहे, पण तो कारण म्हणून शिकवला जातो, ही चूक आहे. तिलाही माझे एक सांगणे आहे: परीक्षेत अपेक्षित उत्तर आधी लिहावे आणि मग त्याच्याखाली आक्षेप नोंदवावा.

या विषयाचा उगमही अशाच एका न जुळणाऱ्या निरीक्षणात आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत चार्ल्स पेडरसन हे रसायनशास्त्रज्ञ व्हॅनेडियम या धातूला बांधणारा वेगळाच रेणू बनवत होते. त्या चिकट तपकिरी लगद्यातून त्यांना 0.4 टक्के एवढेच पांढरे, रेशमासारखे स्फटिक मिळाले. ते मिथेनॉलमध्ये जेमतेम विरघळत होते, पण सोडियम हायड्रॉक्साइड ही अल्कली टाकताच विरघळले. अल्कलीशी अभिक्रिया झाली असावी, असे मानून कोणीही पुढे गेले असते. पेडरसन यांनी इतर सोडियम क्षार टाकून पाहिले, तरीही तेच घडले. म्हणजे काम अल्कलीचे नव्हते, सोडियमचे होते, आणि तो वलयाच्या मध्यभागी जाऊन बसला होता. 1987 मध्ये त्यांना डोनाल्ड क्रॅम आणि ज्याँ-मारी लेन या रसायनशास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळाले. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, मात्र आज त्याचा दाखला कोणी देऊ नये, कारण आता संशोधनाची नोकरी पीएच.डी.शिवाय सहसा मिळत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. आपल्या रक्ताच्या लाल द्रव्यातले लोह आणि पानाच्या हिरव्या द्रव्यातले मॅग्नेशियम नायट्रोजन असलेल्या वलयातच बसलेले असते. काही एमआरआय तपासण्यांत चित्र स्पष्ट यावे म्हणून शिरेतून देतात तो गॅडोलिनियम हा धातू मोकळा असेल तर विषारी असतो, म्हणून तो रेणूत बांधून देतात. सरळ साखळीच्या रेणूंतून तो सुटण्याचा धोका जास्त असल्यामुळे युरोपात 2017 मध्ये तशा बहुतेक औषधांवर निर्बंध आले आणि वलयाकार रेणू टिकले. त्याच जातीच्या वलयात ल्युटेशियम-177 हा किरणोत्सारी धातू बसवून काही कर्करोगांवर उपचार होतात, आणि हे ल्युटेशियम आपल्या मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीतही तयार होते. म्हणजे ज्या गोष्टी ती दिवसभर करते, त्यांवर रुग्णालये आणि प्रयोगशाळा चालतात.

मार्ग नेहमीचेच आहेत: आयआयटीच्या जॅम परीक्षेतून किंवा विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतून एम.एस्सी., मग नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात, परंतु या वाटेला एकूण सात-आठ वर्षे लागतात आणि शेवटी कायम नोकरीची खात्री नसते. घराला तिच्या पगाराची तातडीने गरज असेल, तर ती आकड्यांसह तिच्यासमोर मांडावी. ते ऐकून तिने स्वतः बँकेचा निर्णय घेतला, तर मी क्लासचे नाव आनंदाने देईन.

तोपर्यंत एक करावे. या रविवारी जेवणे झाल्यावर ते उत्तरपत्रिकेचे पान तिच्यापुढे ठेवून, तिला हे आकडे कुठे दिसले आणि ते वाचून तिच्या मनात काय आले, एवढेच विचारावे, आणि तिचे बोलणे पूर्ण होईपर्यंत आपण मध्ये बोलू नये. माझ्याकडे येणारे पुढचे पत्र मात्र तिच्या हस्ताक्षरातले असावे.