शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आणि शाळा: आधी इंजेक्शन, मग आईला फोन

मुलगी पहिलीत जाणार, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे, शाळेला काय सांगू, असं विचारलंयत. माझा मुलगा आता नववीत आहे. आमच्यावर आलेला प्रसंगच सांगते.

तो दुसरीत असताना संक्रांतीला वर्गात लाडू वाटले. तिळाचेच म्हणून बाईंनी त्यालाही दिला, आत दाण्याचं कूट. दहा मिनिटांत मानेवर गांधी. बाईंना वाटलं पित्त उठलंय, म्हणून आमसुलाचं पाणी लावलं. मग खोकला, घोगरा आवाज, उलटी. तरी त्याला जिना उतरवून चालवत ऑफिसात नेलं आणि मला फोन लावत बसल्या. मी मीटिंगमध्ये. अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन, म्हणजे अशा जोरदार अ‍ॅलर्जीवरचं तातडीचं औषध, कपाटात, किल्ली शिपाईकाकांकडे आणि काका बँकेत! शेवटी शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिन दिलं. आईला विचारल्याशिवाय सुई कशी टोचायची, हा बाईंचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर मी आधी लिहून दिलं नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे: डॉक्टरांच्या सहीचं एक पान, मुलीच्या फोटोसकट. त्यावर तुमची परवानगी, ‘आधी इंजेक्शन, मग 108, मग आई’ हा क्रम आणि लक्षणं. नुसत्या गांधी असतील तर अ‍ॅलर्जीची गोळी (सिट्रिझिन) देऊन लक्ष ठेवायचं. पण दम लागला, आवाज बदलला, गळून गेली किंवा गांधींबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर थांबायचं नाही. कधीकधी अंगावर काहीच उठत नाही, हेही लिहा. सिट्रिझिनने खाज कमी होते, श्वास मोकळा होत नाही.

इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. डोस किलोमागे 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 20 किलोच्या मुलीला 0.2 मिलिग्रॅम. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा. तयार पेन (औषध आधीच भरलेलं, मांडीवर दाबलं की टोचणारं) आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही, महागही पडतं. अ‍ॅम्प्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज द्यायची झाली तर डॉक्टरांकडून बाईंना प्रत्यक्ष शिकवून घ्या. इन्सुलिनची सिरिंज नको, तिची सुई आखूड असते, स्नायूपर्यंत पोचत नाही. जमत नसेल तर शाळेजवळच्या डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा, आम्ही सुरुवातीला तेच केलं.

मुलीला आडवं झोपवायचं, पाय उंच. दम लागत असेल तर बसू दे, उलटी होत असेल तर कुशीवर. चालवायचं मात्र अजिबात नाही. बरं वाटलं तरी दवाखान्यात काही तास ठेवायचंच, त्रास उलटू शकतो.

औषध कुलपात नको, उन्हात नको. मुदत संपायची तारीख स्वतःच्या फोनमध्ये टाका, शाळेवर सोडू नका.

डबा वेगळा ठेवणं सोपं आहे हो. अडचण येते ती वाढदिवसाच्या खाऊची, कोशिंबिरीची, उपवासाच्या खिचडीची. संक्रांतीच्या आणि आषाढीच्या आदल्या दिवशी मी अजून वर्गशिक्षिकांना मेसेज टाकते. मुलगा चिडतो, "आई, मी नववीत आहे!" चिडू दे.